बहिणीच्या लग्नात वाजवायचं काय? (फोंडा, डिसेंबर)

कवळ्याची_पोर
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, डिसेंबरमधे. सकाळी साडेअकराच्या आसपासचा मुहूर्त, देवळाच्या अग्रशाळेत (आवारातली धर्मशाळा), इथे फोंड्यातच, आणि संध्याकाळी रिसेप्शन पर्वरीला एका ओपन लॉनवर. जेवण, भटजी, फोटोवाला, फुलं सगळं झालं, अडकलंय ते म्युझिकवर. आईला सनई हवी आणि ती खरी, माणसांनी बसून वाजवलेली, पेन ड्राइव्हवरची नको. नवऱ्याकडची मंडळी डोंबिवलीची, त्यांच्या मुलांना डीजे पाहिजे आणि वरात पण पाहिजे. बाबा म्हणतात आपल्याकडे घुमट (मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं वाद्य) असताना बाहेरचं कशाला. बहीण म्हणते मला माझ्या एंट्रीला काय वाजणार तेवढं ठरवू द्या, बाकी तुम्ही बघा. बजेट आहे पण सगळंच करण्याइतकं नाही. कोणाचं ऐकू आणि सुरुवात कुठून करू?

डिचोली_एक्सप्रेस
सनईवाल्यांपासून. आजच फोन कर. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच दिवसांत जत्रा पण. चांगलं वाजवणारे बरेचसे देवळांच्या सेवेतले असतात, देवळाचं काम त्यांना पहिलं, ते सोडून ते येणार नाहीत आणि यायला सांगू पण नये. डीजे डिसेंबरात महाग मिळेल पण मिळेल. सनईवाला मिळणार नाही.

नाचायला_तयार
डीजेला उगाच नावं ठेवतात लोक, म्हणून आधीच लिहितो. डोंबिवलीहून एवढ्या लांब मुलं येतात, रात्रभर ट्रेनमधे बसून, त्यांना दोन तास मनसोक्त नाचायला मिळालं पाहिजे यात काहीच चूक नाही. फक्त डीजे संध्याकाळी ठेव, सकाळी नको. सकाळच्या विधीत आणि जेवणात डीजे म्हणजे कोणालाच मजा नाही, नाचणारे झोपेत असतात आणि म्हाताऱ्यांना बोललेलं ऐकू येत नाही.

सूर_आणि_सुर्त
आमच्या घरात आजोबांपासून सनई आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे एकटा सनईवाला बोलावू नका. सोबत सुर्त पाहिजे. सुर्त म्हणजे जो एकच सूर अखंड धरून बसतो, ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जात नाही पण तो नसला की सनई उघडी पडते. खर्च कमी करायचा तर ढोल-ताशातला एक माणूस कमी करा, सुर्त कमी करू नका.

दुसरं, जागा. हॉलवाले वाजवणाऱ्यांना कुठेतरी दाराबाहेर जनरेटरजवळ बसवतात. असं करू नका. त्यांना अंतरपाट दिसला पाहिजे. अंतरपाट खाली जातो त्या क्षणी जो जोर येतो वाजवण्यात तो बघून येतो, कोणी धावत येऊन "वाजवा वाजवा" ओरडून नाही येत. आणि एसीच्या किंवा मोठ्या पंख्याच्या झोतात बसवू नका. सनईची पत्ती ओली लागते, वाजवण्याआधी ती तोंडात धरून भिजवावी लागते, झोतात ती सुकते आणि सूर फाटतो. मग लोक म्हणतात सनईवाला बेसूर होता.

तिसरं, वेळ. साडेअकराचा मुहूर्त म्हणजे लोक नऊपासून यायला लागणार. नऊला तोडी, जौनपुरी सुंदर लागतात, जेवणाच्या सुमाराला सारंग. रेकॉर्ड लावणारे भर सकाळी यमन लावतात कारण यूट्यूबवर लग्नाची सनई म्हणून जी पहिली सापडते ती लावली जाते. बहुतेकांना फरक कळत नाही हे मान्य, पण वाजवणाऱ्याला कळतो, आणि त्याला त्याच्या वेळेचं वाजवायला मिळालं की तो वेगळाच वाजवतो. त्याला फिल्मी फर्माईश देऊच नये असं नाही, पंगत बसली की द्या. त्याआधी त्याला त्याचं वाजवू द्या.

अबोली
सुर्तबद्दल पहिल्यांदाच कळलं, इतकी लग्नं बघितली तरी त्या दुसऱ्या माणसाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. धन्यवाद दादा.

साउंडवाला_म्हापसा
अग्रशाळेत साउंडचं काम बरंच केलंय. वर पत्रा किंवा उंच स्लॅब, खाली फरशी, भिंती मोकळ्या, आवाज घुमतो. अशा ठिकाणी पुढे दोन मोठे बॉक्स लावून आवाज वाढवला की पुढच्यांचे कान जातात आणि मागच्यांना नुसता गोंगाट. त्यापेक्षा छोटे स्पीकर, चार-सहा, दोन्ही बाजूला पसरून, प्रत्येकाचा आवाज कमी. सनईला माइक नको, ती तशीच पोचते. भटजींना कॉलर माइक द्या, हातातला माइक देऊ नका, त्यांचे हात मोकळे पाहिजेत आणि होमाजवळ वायर नको. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना एक वेगळा माइक, स्टँडवर. माइक हातोहात फिरवला की तो स्पीकरसमोर जातो आणि शिट्टी मारतो.

संध्याकाळसाठी: गाणी फोनवरून वाजवायची झाली तर फोन एअरप्लेन मोडवर, गाणी डाउनलोड केलेली. नवरी चालत येतेय आणि गाण्याच्या मधे कोणाचा तरी फोन वाजतोय असं होऊ नये. पेन ड्राइव्ह दोन करा, एक डीजेकडे एक तुमच्या घरच्या माणसाकडे. एंट्रीचं गाणं कुठून सुरू करायचं ते मिनिट-सेकंदासकट लिहून द्या. पुष्कळ गाण्यांत सुरुवातीचं म्युझिकच लांबलचक असतं, शब्द यायच्या आत नवरी स्टेजवर पोचलेली असते. आणि त्याच गाण्याची चार व्हर्जन असतात, जुनं, रिमेक, रिमिक्स, कोणीतरी गिटारवर गायलेलं, त्यामुळे नुसतं नाव देऊन उपयोग नाही, फाइल द्या.

पेडण्याची_काकू
एवढं सगळं लिहिलंत पण हळदीला काय ते कोणीच विचारलं नाही. बाय, तुझ्या आजीला किंवा आजीच्या वयाच्या कोणाला ओव्या येतात का ते आधी विचार. आमच्याकडे हळद दळताना, नवरीला न्हाऊ घालताना, चुडा भरून आल्यावर बायका ओव्या म्हणायच्या. पहिली ओवी देवाला, मग ग्रामदैवताला, मग घरच्या वडीलधाऱ्यांना, मग मामा, आत्या, काका असं एकेकाचं नाव गुंफत जायचं. ज्याचं नाव येतं तो माणूस कुठे बसलाय तिथून मान वर करतो. हे कुठल्याच रेकॉर्डमधे होणार नाही कारण रेकॉर्डला तुझ्या मामाचं नाव माहीत नाही.

माझी मावससासू परवापरवापर्यंत म्हणायची, तिच्या मागे आता आमच्या वाड्यावर दोघीच उरल्यात आणि त्या पण सगळ्या पूर्ण म्हणत नाहीत. हळदीला आजकाल सकाळपासून स्पीकर लावतात, मग म्हातारी बाई तोंड कसं उघडणार. एक अर्धा तास सगळं बंद ठेवा आणि त्यांना मधे बसवा. त्या आधी लाजतील, "विसरले गो" म्हणतील. पहिली ओळ कोणीतरी धरली की येतं मागोमाग. आणि रेकॉर्ड करून ठेवा.

कवळ्याची_पोर
काकू, आजीला येतात. आम्हाला लहानपणी म्हणून दाखवायची, लग्नात म्हणावं असं आमच्या डोक्यातच आलं नाही. आजच विचारते.

साष्टीकर
तुमच्या शेजारीपाजारी कोणी ख्रिश्चन कुटुंबं असतील तर त्यांना एक मांडो म्हणायला सांगा, संध्याकाळी. आमच्या कुडतरीत लहानपणापासून ऐकत आलोय. व्हायोलिन, घुमट, आणि दोन पट्ट्यांत गाणारे आवाज, एक वर एक खाली. लय संथ असते, पुरुष आणि बायका समोरासमोरच्या ओळींत नाचतात, आणि मांडो संपला की दुलपद येतं, ते भरभर, त्यात सगळेच शिरतात. लग्नातच गायचा तो प्रकार मूळचा, त्यामुळे परका वाटणार नाही. आमच्या घरच्या लग्नात शेजाऱ्यांनी स्वतःहून म्हटला होता आणि माझ्या वडलांनी आयुष्यात पहिल्यांदा ओळीत उभं राहून पावलं टाकली.

डोंबिवलीच्या पाहुण्यांना गोव्यातलं लग्न म्हणून काहीतरी दाखवायचं असेल तर हेच दाखवा. हॉटेलवाले जे गोवन थीम म्हणून फुलाफुलांचे शर्ट आणि टोप्या देतात ते नको.

शामेळ_घुमट
वडील बरोबर बोलतायत. वरातीला घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं नगाऱ्यासारखं वाद्य), कासाळं (मोठ्या झांजा). आमचं पथक आहे, चवथीला तर असतोच, लग्नाला पण जातो. घुमट २०१९ मधे गोव्याचं हेरिटेज वाद्य म्हणून सरकारने जाहीर केलं, तेव्हापासून लग्नात बोलावणं जास्त यायला लागलंय.

दोन गोष्टी बघून घ्या. घुमटाला पूर्वी गारीचं कातडं लावायचे, म्हणजे घोरपडीचं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, त्यामुळे ते बेकायदेशीर. आता बकऱ्याचं लावतात. पथक ठरवताना सरळ विचारा. ज्यांचं बकऱ्याचं असेल ते लगेच सांगतात. आवाजात फरक पडतो असं जुने लोक म्हणतात, पण नीट मढवलेलं आणि उन्हात तापवलेलं असेल तर बकऱ्याचं पण छान बोलतं. म्हणजेच वाजवण्याआधी त्यांना थोडं ऊन मिळेल अशी जागा द्या. मातीच्या भांड्यावरचं कातडं आहे, दमट हवेत सैल पडतं.

दुसरं, आरती आणि वरात यांचं वाजवणं एक नाही. आरत्या म्हणजे बसून, शब्द ऐकायला माणसं पाहिजेत. वरातीला शब्द कमी, लय जास्त. पथकाला कुठलं पाहिजे ते आधी सांगा, नाहीतर ते आरत्या म्हणत राहतील आणि तुमची मुलं नाचायची वाट बघत उभी.

नाचायला_तयार
वरातीला घुमट मान्य. आमच्या वाड्यातल्या वाटा इतक्या अरुंद की डीजेची गाडी अडकते, मागे बस अडकते, आणि हॉर्नचा आवाज गाण्यापेक्षा मोठा. पण मग रिसेप्शनला डीजे दहाला बंद करायला लावतात, तेव्हा दहानंतर तिथे घुमट ठेवलं तर? स्पीकर नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही ना?

वकीलताई_मडगाव
प्रॉब्लेम आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधे रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात लाउडस्पीकरच नाही तर वाद्यं पण आली, त्यामुळे मोकळ्या लॉनवर दहानंतर घुमट पण नाही. बंदिस्त हॉलमधे आतल्या आत चालतं, आवाज बाहेर जाता कामा नये. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी असते, कोणाच्या घरच्या लग्नासाठी नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि पर्वरीत लॉनच्या भोवती लोक राहतात, शेजारून एक फोन गेला की पोलीस येतात. तेव्हा रिसेप्शन साडेसहाला सुरू करा. आपल्याकडे आठच्या आधी कोणी येत नाही म्हणतात, पण पत्रिकेत स्पष्ट लिहा की नाच सात ते साडेनऊ. येतात लोक.

आता दुसरा विषय जो कोणी काढला नाही. हॉटेल किंवा लॉनवाला तुम्हाला म्युझिकचं लायसन्स आणा म्हणेल, कॉपीराइट संस्थांचं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ (१) (झेडए), यात लग्नाच्या विधीत आणि लग्नाशी संबंधित समारंभांत गाणी वाजवणं हे उल्लंघन धरत नाहीत, वरातीचा उल्लेख तर स्पष्टीकरणात सरळच आहे. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मधे याच आधारावर परिपत्रक काढलं होतं की लग्नात गाण्यांसाठी कोणी परवानगी किंवा पैसे मागू नयेत. ते परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मधे रद्द केलं. बऱ्याच लोकांचा यावरून समज झालाय की सवलतच गेली. तसं नाही. परिपत्रक गेलं, कलम कायद्यात आहे तसंच आहे. कोर्टाचं म्हणणं एवढंच की कायद्याचा अर्थ परिपत्रक काढून वाढवता येत नाही. त्यामुळे व्यवहारात काय करायचं तर लॉनवाल्याशी करार करतानाच लिहून घ्या की लायसन्सचं कोण बघणार आणि खर्च कोणाचा. आदल्या दिवशी हा विषय निघाला तर तुमच्या हातात काही राहत नाही, तुम्ही पैसे भरून मोकळे होता.

डिचोली_एक्सप्रेस
वकीलताई, हे परिपत्रकाचं मला माहीत नव्हतं. भाचीच्या लग्नात हॉलवाल्याने ऐन वेळी असंच सांगितलं होतं आणि आम्ही वाद न घालता भरले होते.

अक्षर_गण_वृत्त
मंगलाष्टकांवर लिहू का? मला हा विषय फार जवळचा आहे.

घरोघरी कोणीतरी हौसेने नवीन मंगलाष्टकं लिहितं आणि ते फार चांगलं आहे, पण लिहिताना वृत्त सांभाळत नाहीत. नेहमीची चाल आहे ती शार्दूलविक्रीडिताची. ओळीला १९ अक्षरं, चार ओळी, आणि बाराव्या अक्षरावर थांबा. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू (लांब उच्चारायचं अक्षर). हे सगळं लक्षात नाही राहिलं तरी चालेल, एवढंच करा: ओळ मोठ्याने म्हणा आणि बघा बाराव्या अक्षरावर शब्द पूर्ण होतो का. नवऱ्यामुलीचं नाव जर तिथे मधेच तुटत असेल तर गाताना ते नाव कळतच नाही, आणि तेच नाव यावं म्हणून तर सगळी धडपड.

दुसरं, पट्टी. मावशी काळी चारमधे सुरू करते, काका काळी एकमधे पुढचं उचलतो, आणि भटजी तिसऱ्याच पट्टीत "शुभमंगल सावधान" म्हणतात. दोनच माणसं गाणारी ठेवा आणि शक्यतो दोन्ही बायका किंवा दोन्ही पुरुष. हार्मोनियमवाला नको, फोनवर तानपुरा ॲप लावून कानाशी धरला तरी पुरे. आणि संख्या. मुहूर्ताच्या वेळेनुसार भटजींना विचारून ठरवा किती म्हणायची ते, कारण वेळ झाली की भटजी थांबत नाहीत, आणि ज्या आत्याने लिहून आणलंय तिचं राहून गेलं तर ते दुःख फार वर्षं राहतं.

कवळ्याची_पोर
आमच्याकडे आत्या आणि मामेबहीण दोघींनी लिहिलंय. रविवारी दोघींना बसवून म्हणून घेते. बाराव्या अक्षराचं आत्ताच करून बघितलं, मामेबहिणीच्या दुसऱ्या ओळीत खरंच बहिणीचं नाव तुटतंय.

अक्षर_गण_वृत्त
नाव ओळीच्या सुरुवातीला आणा, सुटेल. पहिली तिन्ही अक्षरं गुरू लागतात तिथे, नाव बसत नसेल तर विशेषण लावून बघा. नाहीतर लिहा इथे, मिळून बघू.

केरी_फोंडा
पंगतीला काय लावायचं यावर माझं एक मत. फोंडा महालातच किती मोठे आवाज होऊन गेले, आमच्या केरीच्या केसरबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि नंतर अभिषेकीबुवा. आणि आपल्याच लग्नाच्या पंगतीत कुठल्यातरी सिरियलचं टायटल साँग वाजत असतं. अभिषेकीबुवांचे अभंग, नाट्यपदं, हळू आवाजात, वाढणाऱ्याला "भात इकडे" ऐकू येईल इतक्याच आवाजात. जेवताना बोलायचं असतं लोकांना, वर्षानुवर्षांनी भेटलेले असतात.

आणि पाठवणीला काहीच लावू नका अशी माझी विनंती आहे. रडवणारी गाणी लावतात आणि कॅमेरावाला "परत एकदा मिठी मारा" म्हणतो. सनईवाले तोवर थांबत असतील तर भैरवी वाजवायला सांगा. केसरबाईंची भैरवी १९७७ मधे नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या तबकडीत गेली, आपल्या शेजारच्या गावातल्या बाईची, मग आपल्या दारात तीच का नको.

सूर_आणि_सुर्त
थांबतात, पण आधी सांगावं लागतं. मुहूर्त झाला की त्यांचं काम संपलं असं धरलेलं असतं. पाठवणीपर्यंतचं ठरवलंत तर बिदागी पण त्याप्रमाणे, आणि ती घासाघीस न करता द्या.

साउंडवाला_म्हापसा
लॉनवर डीजेच्या ऐवजी वन मॅन बँड पण बघा, गोव्यात खूप आहेत, कीबोर्डवर स्वतः गातात, कोकणी, हिंदी, मराठी, इंग्लिश सगळं. सुरुवातीचा तास लोक येतात, स्टेजवर जातात, तेव्हा तो, आणि मग डीजे. दोघांना एकच साउंड सिस्टिम वापरायला लावा, नाहीतर दोन भाडी. डीजेला दोन याद्या द्या, एक हवीच अशी गाणी आणि एक अजिबात नको अशी. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. मधलं सगळं त्याच्यावर सोडा, समोर कोण नाचतंय ते बघून तो लावतो. आणि सूचना देणारा माणूस एकच ठेवा, घरातला कोणी शांत माणूस. दहा जण येऊन फर्माईश करायला लागले की चांगल्या डीजेचं पण डोकं फिरतं.

कवळ्याची_पोर
सगळ्यांचे खरंच खूप आभार. घरी वाचून दाखवलं, आईने तर सुर्तवाला परिच्छेद दोनदा वाचायला लावला. जे ठरतंय ते असं. हळदीला अर्धा तास स्पीकर बंद, आजी आणि तिच्या दोन मैत्रिणी, आजी "विसरले" म्हणाली आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात तीन ओव्या म्हणून मोकळी झाली. सकाळी सनई, सुर्त आणि एक ढोल, पाठवणीपर्यंत, माइक न लावता. ज्यांना फोन केला ते त्या तारखेला मोकळे आहेत, बिदागीत काही कमी केलं नाही. पंगतीला अभिषेकीबुवा. वरात देवळाच्या कमानीपासून अग्रशाळेपर्यंतच, घुमट पथकाबरोबर, बकऱ्याच्या कातड्याचं विचारून घेतलं. रिसेप्शन साडेसहा ते दहा, आधी वन मॅन बँड, मग डीजे, लॉनवाल्याकडून लायसन्सचं लिहून मागितलंय, तो टाळाटाळ करतोय पण त्याशिवाय ॲडव्हान्स देत नाही. डोंबिवलीला फोन करून सगळं सांगितलं, नवऱ्याच्या मावसभावाने घुमट शिकायला आदल्या दिवशी येऊ का म्हणून विचारलं. मांडोचं शेजारच्या आंटीला विचारायचंय, ती चर्चमधे गाते. बहिणीचं एंट्रीचं गाणं ती कोणालाच सांगत नाहीये, फाइल थेट डीजेला देणार म्हणते.

एकच राहिलं. सनईवाल्यांना जेवायला कधी वाढायचं? आई म्हणते पहिल्या पंगतीला, पण पंगतीला तर त्यांनी वाजवायचं ना?

सूर_आणि_सुर्त
सकाळी आल्या आल्या चहा आणि हलकं काहीतरी, पोहे चालतील. पोट भरून सनई फुंकता येत नाही. मुहूर्त झाल्यावर पहिली पंगत अर्धी होईपर्यंत ते वाजवतील, तिथून पुढे अभंग लावा आणि त्यांना दुसऱ्या पंगतीला घरच्या माणसांबरोबर बसवा. पाठवणी जेवणानंतर लगेच ठेवू नका, त्यांना जरा वेळ द्या. आणि शेजारच्या आंटीला विचाराल तेव्हा व्हायोलिन कोण वाजवणार ते पण विचारा, डिसेंबरच्या शेवटी ते लोक पण फार बिझी असतात.

शामेळ_घुमट
त्या मावसभावाला आदल्या दिवशी दुपारीच पाठवा आमच्याकडे, रात्री नको. एका दुपारीत साधा ठेका बसतो हाताला, वरातीत मागच्या ओळीत उभा करू.